ओरोची वाचलेलं कुणी आहे का इथे?

माळ्यावरची
दिवाळीची साफसफाई चालू आहे. जपानहून आणलेलं खोकं आज बऱ्याच वर्षांनी माळ्यावरून काढलं, आणि लोकरी मोज्यांच्या खाली 'ओरोची' या मांगाचा, म्हणजे जपानी कॉमिकचा, एक खंड निघाला. पाठीवर अजून बुक-ऑफचं, म्हणजे तिकडच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानाचं, १०५ येनचं लेबल. झाडू टाकला आणि स्टुलावरच बसून पहिली गोष्ट वाचून काढली. नवरा बाहेरून विचारतोय, "आवाज का बंद झाला, पडलीस का?"

काझुओ उमेझुंची ही मालिका १९६९-७० मध्ये 'शोनेन संडे' साप्ताहिकात आली. गोष्टी नऊच. ओरोची नावाची एक मुलगी, जिचं वय वाढत नाही, शंभर वर्षांतून एकदा गाढ झोपते. बाकी वेळ माणसांच्या घरांत डोकावते. कधी मोलकरीण बनून शिरते, कधी नुसती रस्त्यावरून बघते.

मी वाचली २००९ च्या हिवाळ्यात. टोकियोत निशिकासाईतलं एवढंसं घर, नवरा रात्री अकराला यायचा, मला भाषा धड येत नव्हती. मुलांसाठीचं असल्यामुळे प्रत्येक कांजीशेजारी, म्हणजे जपानी चित्रलिपीतल्या अक्षराशेजारी, बारीक अक्षरांत उच्चार लिहिलेला, म्हणून उचललं. भूतबित असेल असं वाटलं होतं. निघाल्या दोन बहिणी. त्या घरातल्या बायका अठरा वर्षांच्या झाल्या की त्यांचं रूप जातं, आणि त्यातच असं कळतं की दोघींपैकी एक पोटची नाही.

आता आमच्याकडे मी सावळी, धाकटी गोरी. आत्या-माम्या हसत हसत म्हणायच्या, "हिला बोहारणीकडून जुन्या लुगड्यावर घेतली." सगळे हसायचे, मीही हसायचे. त्या रात्री पुस्तक फ्रिजवर उलटं ठेवून झोपले. सकाळी धाकटीला फोन केला. तिला मी हे का विचारतेय ते कळेना. तिचं म्हणणं, तिलाही तेच सांगायचे, फक्त तिच्या वेळी स्टीलचा डबा दिला होता.

कुणी वाचलंय का? कुठे, कसं हाती आलं? लिहा. उमेझुंचं दुसरं काही वाचलं असेल तरी चालेल.

रातकिडा
स्टीलचा डबा 😂😂 तुमची किंमत जास्त की तिची?

माळ्यावरची
लुगडं जरीचं होतं. मी जिंकले.

कांजीग्रस्त
हात वर. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकत होतो तेव्हा एका सीनियरने झेरॉक्स दिली होती, फक्त 'कागी' म्हणजे 'किल्ली'ची. आईबाप कामाला, पोरगं किल्ली घेऊन घरी एकटं, आणि त्याला थापा मारायची सवय. मग एक दिवस खरंच भयंकर काहीतरी बघतो आणि कोण ऐकणार? आपलं लांडगा आला रे आला, फक्त इथे लांडगा शेजारच्या घरात.
'उसो' म्हणजे खोटं हा शब्द त्या झेरॉक्समध्ये इतक्यांदा आला की मी आजही कुणी "उसो!" म्हटलं की दचकतो. आणि जपानी लोक तर "काय सांगतोस!" या अर्थाने दिवसातून पन्नास वेळा म्हणतात. ऑफिसात हाल.

सुपारीवाला
मांगा हे मी आधी मँगो वाचलं. हापूसच्या पेट्यांचा धागा समजून आलो. चालू द्या.

शाईचे_डाग
मी चित्रं काढते, म्हणून वेगळ्या बाजूने. उमेझुंची पानं कधी भिंगातून बघा. काळोख सपाट काळा नाही, रेघांवर रेघा, रेघांवर रेघा, भिंतीला ओल आल्यासारखा. आणि त्या काळोखात एक गुळगुळीत गोड चेहरा, मोठे डोळे, मुलींच्या मासिकातला. मग पान उलटलं की तोच चेहरा तोंड वासून किंचाळतोय. कितीतरी वेळा तो उलटायच्या पानावरच ठेवलेला असतो. तुम्ही स्वतःच्या हाताने घाबरता.
मुलांना मी हेच शिकवते, भीती पान उलटण्याच्या आधी काढायची असते. (ऐकत कुणी नाही, सगळ्यांना रक्त काढायचं असतं.)
बाकी नंतर, कुकरची तिसरी झाली.

वीणा_को
भाचीला इटो जुन्जीचं वेड आहे, तो भयकथांच्या मांगा काढतो ना, त्याचं. बारा वर्षांची आहे. हे ओरोची तिला द्यावं का?

कांजीग्रस्त
@वीणा_को तिला सांगा इटोंना पहिली शाबासकी उमेझुंच्या नावाच्या स्पर्धेतच मिळाली. 'तोमिए' ही आपली मांगा पाठवली होती त्यांनी, १९८७ चं. परीक्षक स्वतः उमेझु. तेव्हा इटो दातांच्या कवळ्या बनवायचं काम करत होते. गुरूचं पुस्तक आहे म्हटलं की वाचेल.

वीणा_को
कवळ्या!! आता कळलं सगळ्यांचे दात असे का काढतो ते

उंबरठा
बारा वर्षांला चालेल पण 'शूसाई' ही गोष्ट आईने आधी वाचावी. हुशार मुलगा असं नाव आहे.
मी मुद्दाम फार सांगत नाही. लहानपणी गळ्यावर जखम झालेला मुलगा, आणि त्याची आई. अभ्यास, अभ्यास, अभ्यास. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं ही बाई माझ्याच आईवर काढलीय. आमच्याकडे दहावीच्या वर्षी टीव्हीला चादर घातली होती, गणपतीत मला मामाकडे नेलं नाही, आणि मेरिट लिस्टच्या दिवशी पेपर येईपर्यंत आई गॅलरीत उभी. माझं नाव नव्हतं. ती काही बोलली नाही. पोहे केले. ते पोहे अजून आठवतात, मीठ नव्हतं त्यात.
पुढे गोष्टीत ती आई असं का वागते ते कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून पंधरा मिनिटं बाथरूममध्ये बसले होते. माझ्या आईचं कारण असलं काही नव्हतं. तिला फक्त भीती वाटायची. आईला ही गोष्ट कधी सांगितली नाही.

रातकिडा
@उंबरठा ❤️ आमच्याकडे चादर नव्हती, केबलवाल्यालाच फोन केला होता बाबांनी

उंबरठा
आधुनिक घराणं तुमचं

सदाशिव_नाही_कोथरूड
उमेझु म्हणजे तेच ना ज्यांच्या घराला लाल-पांढरे पट्टे होते? टोकियोत किचिजोजीला. मी २०१८ ला इनोकाशिरा बागेकडून चालत गेलो होतो फक्त ते बघायला. शेजाऱ्यांनी २००७ मध्ये कोर्टात खेचलं होतं, परिसराची शोभा जाते म्हणून. २००९ ला निकाल लागला, शेजारी हरले.
माणूस स्वतःही कायम लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या शर्टात. म्हणजे घराबाहेर उभा राहिला तर दिसायचा नाही.

चेअरमन_त्रस्त
आमच्या सोसायटीत एकाने बाल्कनी फिकट जांभळी केली तर तीन मीटिंगा झाल्या. शेवटी ठराव झाला "क्रीम किंवा तत्सम". तत्सम म्हणजे काय यावर चौथी मीटिंग.

सदाशिव_नाही_कोथरूड
आमच्याकडे "बिस्कीट कलर". कुठलं बिस्कीट ते सेक्रेटरी ठरवणार.

चेअरमन_त्रस्त
बर्बन म्हणा

माळ्यावरची
अहो रंगकाम दुसऱ्या धाग्यावर 😄 (पण ते घर मीही बघितलंय. आत गेले नाही अर्थात. पट्टे फोटोत वाटतात त्याहून कमी होते, कोर्टकचेरी करण्याइतकं काही नाही.)

तात्या_बेळगाव
मी कॉमिकवाला नाही. मुलाने इंग्रजीतून आलेले चारही जाड खंड घेतले दोन-तीन वर्षांमागे, त्यातली युद्धाची गोष्ट मला मुद्दाम वाचायला दिली. कारण माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते, १९४४ ला इम्फाळच्या बाजूला.
गोष्टीत एक मुलगा आहे, त्याचा बाप सगळे ज्याला देवमाणूस म्हणतात असा. मग कुणीतरी येऊन मुलाला सांगतो की युद्धात, अन्न संपल्यावर, तिकडे काय झालं होतं. बस. इथून पुढे मुलाला बापाचा चांगुलपणा बघवेना.
वडील युद्धाबद्दल बोलत नसत. मी आठवीत असताना एकदा विचारलं होतं, जपानी शिपाई कसे होते? मला वाटलं शूर होते म्हणतील किंवा क्रूर होते म्हणतील. ते म्हणाले, "उपाशी होते." आणि आईला चहा टाकायला सांगितला.
मला चाळीस वर्षं वाटत होतं त्यांनी टाळलं. ही गोष्ट वाचल्यावर कळलं त्यांनी सगळं सांगितलं होतं. १९७० च्या आसपास, शाळकरी पोरांच्या साप्ताहिकात एका जपान्यानं आपल्याच माणसांबद्दल हे लिहावं, म्हणजे छाती पाहिजे. त्या पोरांचे बाप तेच शिपाई असणार की.

शाईचे_डाग
तात्या 🙏 काही लिहवत नाही.

कांजीग्रस्त
तात्या, शेवटचं वाक्य माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

पावसाळी_छत्री
मी ओरोची नाही वाचलं पण 'तरंगती शाळा' वाचलंय, म्हणजे 'ह्योर्यू क्योशित्सू', चालेल का? अख्खी प्राथमिक शाळा पोरांसकट भविष्यातल्या वाळवंटात जाऊन पडते. मला त्यातलं वाळवंट नाही, सकाळचं भांडण लक्षात आहे. मुलगा आईशी भांडून शाळेत गेलेला असतो. माझा मुलगा रोज डब्यावरून भांडून जातो. तेव्हापासून तो बस मध्ये चढेपर्यंत मी खिडकीतून हात हलवते. तो बघत नाही. भेंडी होती आज.

वीणा_को
भेंडीवर कोण भांडतं, भोपळा असेल तर ठीक

पावसाळी_छत्री
या आमच्याकडे, दाखवते

रातकिडा
प्रामाणिक कबुली: मी पुस्तक आपल्या बाजूने उघडलं. जपानी पुस्तक उजवीकडून सुरू होतं, म्हणजे मला शेवट आधी. पहिल्याच पानावर एक बाई रडतेय, दुसऱ्या पानावर तिला कारण मिळतंय, तिसऱ्यावर ती आनंदात. म्हटलं वा, काय धाडसी कथनशैली. चाळीस पानं अशी वाचली. रूममेटने बघितलं म्हणून, नाहीतर मी परीक्षण लिहिणार होतो.

सुपारीवाला
आमचं आयुष्य तसंच चाललंय, शेवटाकडून

नाव_सुचेना
ओरोची म्हणजे साप ना? आठ डोक्यांचा? मग यात साप कधी येतो

कांजीग्रस्त
यामाता नो ओरोची तो, पुराणातला. यात साप येत नाही, नाव तेवढं. सापच हवा असेल तर त्यांची सर्पस्त्रीची वाचा, १९६५ ची, मुलींच्या मासिकातली. आईच्या जागी आईसारखीच दिसणारी दुसरी बाई घरी येते. लहानपणी वडील त्यांना नारा भागातल्या एका तळ्याची गोष्ट सांगायचे, तिथून आलंय ते. आपल्याकडे नाही का, विहिरीत आसरा असतात म्हणून पोरांना दुपारचं जाऊ देत नाहीत.

नाव_सुचेना
आमच्या आजोळच्या विहिरीत होत्या सात. मोटर बसवल्यावर गेल्या.

उंबरठा
"मोटर बसवल्यावर गेल्या" 😭😭 यावर वेगळा धागा काढा

परदेशी_पाहुणी
टोकियोहून. २०२२ च्या जानेवारीत रोप्पोंगीला उमेझुंचं प्रदर्शन होतं, ५२ व्या मजल्यावर. मनगट दुखावल्यामुळे १९९५ नंतर त्यांनी मांगा सोडली होती, आणि एकदम २७ वर्षांनी नवीन काम: १०१ रंगीत चित्रं, एक सलग गोष्ट. पंचाऐंशीव्या वर्षी! आजूबाजूला काच, खाली सगळं शहर. माझ्या पुढे एक आजी आणि तिची नात. आजी प्रत्येक चित्रापुढे "कोवाई, कोवाई" म्हणजे बाई गं किती भीती वाटते असं पुटपुटत होती आणि हलत नव्हती. नात कंटाळलेली. बाहेर पडताना आजीने लाल-पांढरे पट्टे असलेलं काहीतरी विकत घेतलं, मोजे असावेत.
२०२४ ला ते गेल्याची बातमी ट्रेनमध्ये वाचली, ८८ वर्षांचे होते. बातमी आठवडाभराने बाहेर आली. मला सगळ्यात आधी त्या आजीची आठवण झाली.

वीणा_को
निशिकासाईत वन बीएचकेला आता किती पडतात हो? दीर येतोय एप्रिलमध्ये

परदेशी_पाहुणी
व्यनि (खासगी निरोप) करते. स्टेशनच्या दक्षिणेला बघा, वाणसामान जवळ पडतं.

सदाशिव_नाही_कोथरूड
सिनेमा निघालाय ना यावर?

शाईचे_डाग
हो, २००८. दोन बहिणींच्या दोन गोष्टी आहेत मालिकेत, पहिली आणि शेवटची, त्या जोडून केलाय. बायकांची कामं छान, पण मला कागदावरचा काळोख हवा होता. तो नाही मिळाला. गंमत म्हणजे इंग्रजीत २००२ मध्ये आधी ती शेवटचीच गोष्ट एकटी काढली होती. वीस वर्षं लोक शेवट वाचून बसले होते.

रातकिडा
बघा! मीच बरोबर होतो

तात्या_बेळगाव
त्या आंधळ्या मुलीची गोष्ट पण वाचली काल. खुनाची एकुलती एक साक्षीदार, आणि तिला दिसत नाही. रात्री दोनदा उठून कडी बघितली. बायको म्हणते या वयात कशाला.

उंबरठा
@माळ्यावरची तुमच्याकडे कितवा खंड आहे? माझ्याकडे पहिला आणि तिसरा आहे, खिशातल्या आकाराची बुंको. दुसरा कधी मिळालाच नाही.

माळ्यावरची
दुसरा!! आणि तोही बुंको. अगं पण यात दोन बहिणी पहिलीच गोष्ट... थांब, स्टुलावर चढते.

माळ्यावरची
आतली पानं पहिल्याची, कव्हर दुसऱ्याचं. १०५ येनला असं मिळतं म्हणजे. पंधरा वर्षं कळलं नाही मला.

उंबरठा
म्हणजे हे पण बोहारणीकडून आलेलं

माळ्यावरची
😂😂😂 धाकटीला स्क्रीनशॉट पाठवला. म्हणते कव्हर माझं, आतलं तुझं.

उंबरठा
मला तिसरा वाचून झालाय, हवा तर देते. शनिवारी दादरला येतेय, पुलाखाली फुलवाल्यांजवळ. कापडी पिशवी आण, शिवण सुटलीय त्याची.