रिलोडिंगचं सामान घरात: पावडर लोखंडी पेटीत ठेवली तर चालेल का?

नवा_नेमबाज
नमस्कार मंडळी. टार्गेट रायफलसाठी रिलोडिंग, म्हणजे झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरणं, सुरू करतोय. परवानगीचे कागद पूर्ण झाले, प्रेस आणि डाय (पुंगळ्या भरायचं यंत्र आणि त्याचे साचे) आल्या, आता प्रश्न सामान ठेवण्याचा. घरात लहान मुलं आहेत, त्यामुळे सगळं कुलपात हवंच. रबरी गॅस्केटची, घट्ट बसणारी लोखंडी काडतूसपेटी घ्यायची, पावडरचे डबे आणि प्रायमरची (पावडर पेटवणाऱ्या छोट्या टोप्यांची) खोकी एकत्र त्यात ठेवायची, सोबत सिलिका जेल टाकायचं आणि पेटी माळ्यावर चढवायची, असा बेत आहे. मुलांचा हात पोचणार नाही आणि दमटपणाही लागणार नाही. काही राहतंय का?

जुनी_पुंगळी
कुलपाचा विचार बरोबर आहे, पण ती पेटी नको. अगदी कळकळीने सांगतो.

बिनधुराची पावडर म्हणजे मुख्यतः नायट्रोसेल्युलोज, आणि डबल बेस असेल तर त्यात नायट्रोग्लिसरीनही. ती मोकळ्यावर पेटली तर भसकन जळून जाते. तीच भक्कम बंद पेटीत पेटली की वायूला बाहेर पडायला वाट राहत नाही. दाब चढतो, दाबामुळे पावडर आणखी वेगाने जळते आणि दाब आणखी चढतो. रायफलच्या चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या खणात) आपल्याला नेमकं हेच हवं असतं. तुमची पेटी म्हणजे नळी नसलेलं मोठं चेंबर होईल. बंदुकीच्या अग्निरोधक तिजोरीतही पावडर ठेवायची नाही, कारण तेच.

कंपनीचा डबा बघा, तो मुद्दाम कमजोर केलेला असतो, थोड्या दाबातच फाटून मोकळा व्हावा म्हणून. म्हणून पावडर कायम मूळ डब्यातच, मूळ लेबलासकट. काचेची बरणी किंवा स्टीलचा डबा अजिबात नको.

डबे ठेवायला लाकडी पेटी करा. माझ्या पेटीच्या फळ्या इंचभर जाड आहेत. मागची फळी मात्र स्क्रूने आवळलेली नाही, बारीक खिळ्यांवर नुसती धरून ठेवली आहे. दाब आलाच तर ती आधी सुटेल, आणि ती बाजू बाहेरच्या भिंतीकडे आहे, दाराकडे नाही. पुढे कडीकुलूप. अमेरिकेतल्या एनएफपीए ४९५ या अग्निसुरक्षा संहितेत घरासाठी २० पाउंडांपर्यंत (साधारण ९ किलो) पावडर मूळ डब्यांत आणि त्यापुढे ५० पाउंडांपर्यंत १ इंच जाडीच्या लाकडी पेटीत, असं आहे. प्रायमरची मर्यादा १०,०००. तुमच्या परवान्यात यापेक्षा कमी लिहिलं असेल तर तेच पाळायचं. ठासणीच्या बंदुकीची काळी दारू या हिशोबात धरू नका. ती ठिणगीने फार चटकन पेटते, तिचे नियम वेगळे.

माळाही नको. छपराखाली तापतं, आणि उष्णतेने पावडरमधला स्टॅबिलायझर (तिला बिघडू न देणारा घटक) लवकर संपतो. गिझर, हीटर, ऊन यांपासून लांब, घरातली सगळ्यात थंड आणि कोरडी जागा शोधा. सिलिका जेल पुंगळ्या आणि हत्यारांपाशी ठेवा, पावडरच्या डब्यात टाकू नका. पावडरीत थोडा ओलावा असतोच. ती जास्त वाळली की वेगाने जळते आणि त्याच वजनाला दाब वाढतो.

मधला_ठिपका
नवा_नेमबाज दादा, प्रायमर पावडरसोबत ठेवूच नका, वेगळं कपाट करा. सगळ्या सामानात तेच सर्वांत नाजूक. ठोका, उष्णता, अंगावरची स्थिर वीज, काहीही पुरतं. खोक्यात एकेक प्रायमर वेगळ्या खाचेत बसवलेला असतो, तो एक उडाला तर शेजारचे उडू नयेत म्हणून. खोक्यातून काढून बाटलीत ओतले की ते संरक्षणच जातं. मी काम करायला बसते तेव्हा पुरता एकच ट्रे बाहेर काढते.

टेबलावर पावडरचाही एकच डबा असू द्या. उठताना मेजरमधली (पावडर मोजायच्या उपकरणातली) उरलेली पावडर त्याच डब्यात परत गेली पाहिजे. दुसऱ्या दिवशी मेजरमधली पावडर कोणती हे आठवत नसेल तर ती फेकायचीच, अंदाज करायचा नाही. सांडलेली पावडर ब्रश आणि सुपलीने गोळा करा, व्हॅक्यूम क्लीनरने नको, मोटरची ठिणगी लागते. आणि मुलांना जवळ घेण्याआधी हात साबणाने धुवा. उडालेल्या प्रायमरच्या काजळीत शिसं असतं.

जुना_डबा
मध्येच विचारतो. काकांच्या सामानात पावडरचा एक जुना डबा निघाला. झाकणाच्या आत तांबूस गंज दिसतोय. वापरता येईल?

जुनी_पुंगळी
नाही. चांगल्या पावडरला सॉल्व्हंटसारखा हलका वास येतो. बिघडलेलीला आंबट, नाकात झोंबणारा वास येतो, डब्यातून लालसर वाफ किंवा तशीच धूळ निघते, धातूला गंज चढतो. हुंगायला नाक डब्यात घालू नका, झाकण उघडताच कळतं. तुमचा गंज हीच खूण आहे. अशी पावडर आतल्या आत तापून आपोआप पेटू शकते, म्हणून डबा आजच घराबाहेर, सावलीत, पेट घेईल अशा वस्तूंपासून लांब हलवा. कचऱ्यात किंवा मोरीत टाकू नका. विल्हेवाट कशी लावायची ते उत्पादकाला किंवा अग्निशमन दलाला विचारा.

नवा_नेमबाज
पेटीचा बेत रद्द. सुताराला लाकडी पेटी सांगतो, प्रायमरचं कपाट दुसऱ्या खोलीत. शेवटचं एक, शेजारी अग्निशामक कोणता लावू?

जुनी_पुंगळी
एबीसी (कागद-कापड, तेल, वायरिंग अशा नेहमीच्या आगींचा) लावा, पण तो पावडर विझवण्यासाठी नाही हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. पावडरमध्ये जळायला लागणारा ऑक्सिजन तिचा स्वतःचाच असतो, हवा तोडून ती विझत नाही. कागद, पडदा, वायर असं काही पेटलं तर आग पेटीपर्यंत पोचण्याआधी विझवायची, एवढाच त्याचा उपयोग. पेटीला झळ लागली असेल तर सगळ्यांनी बाहेर पडायचं, आणि अग्निशमन दलाला फोनवरच सांगायचं की घरात पावडर आणि प्रायमर आहेत, कोणत्या खोलीत, साधारण किती.