'श्वास' : परशाला सांगायचं कसं? (अनुभव धागा)

खाडीकाठ

'श्वास' 2004 साली आला. संदीप सावंत यांचं दिग्दर्शन, मूळ कथा माधवी घारपुरे यांची. 'श्यामची आई'नंतर सुवर्णकमळ मिळवणारा हा पहिला मराठी चित्रपट. कोकणातले आजोबा परशा या नातवाला शहरात डॉक्टरांकडे आणतात. डोळ्यांचा कॅन्सर निघतो. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार, आणि हे त्या पोराला सांगायचं कुणी, यावर सगळा चित्रपट उभा आहे.

'खूप रडलो' हे सगळ्यांचंच झालंय, ते नको. इथे दवाखान्यांत आणि अंध मुलांबरोबर काम करणारे बरेच जण आहेत. घरच्या गोष्टी बाजूला ठेवून सांगा, चित्रपट जे म्हणतो ते प्रत्यक्षात करायचं कसं?

टॉर्च

नेत्ररोगाच्या बाजूने. आजाराचं नाव रेटिनोब्लास्टोमा. साधारण 15 ते 20 हजार जन्मांमागे एक, आणि बहुतेक मुलं पाच वर्षांच्या आतली. परशा त्या मानाने मोठा आहे, म्हणून तर पेच आहे. दीड वर्षाच्या बाळाला काय सांगणार?

घरी दिसणारी खूण म्हणजे बाहुलीत पांढरी चमक, मांजराच्या डोळ्यासारखी. फ्लॅशच्या फोटोत एक डोळा लाल आणि दुसरा पांढरा दिसला तर त्याच आठवड्यात दाखवा. कॅमेरा तिरका असला की निरोगी डोळाही कधी पांढरा दिसतो, मोतीबिंदूतही तसं होतं. पण ते ठरवणं डॉक्टरांचं काम. दुसरी खूण तिरळेपणा. 'तिरळा म्हणजे नशीबवान' म्हणून वर्ष काढणारी घरं अजून आहेत.

एक गोष्ट लोकांना पटत नाही. इतर गाठींसारखा यात सुई घालून तुकडा काढत नाहीत. सुईच्या वाटेने पेशी डोळ्याबाहेर पसरू शकतात. भूल देऊन बाहुली मोठी करून तपासणी, सोनोग्राफी आणि एमआरआय यांवरच निदान होतं.

वॉर्डातली ताई

चित्रपटातली आसावरी जे काम करते, ते वैद्यकीय समाजसेविकेचं. त्यातलं थोडं.

पहिली चूक म्हणजे मुलाला काही कळत नाही असं धरून चालणं. खाटेशेजारी कुजबूज होते, आजी पदर तोंडाला लावते, एरवी न मिळणारी खेळणी अचानक येतात. पोर ओळखतं. मग ते स्वतःचं कारण शोधतं, 'मी मस्ती केली म्हणून'. त्यामुळे सांगताना पहिल्याच्या पाठोपाठचं वाक्य हे असावं : यात तुझी काही चूक नाही.

पहिलं वाक्य सरळ. 'तुझ्या डोळ्यांत वाईट गाठ आहे. ती तुला खूप आजारी पाडेल म्हणून डॉक्टर डोळे काढणार. नंतर दिसणार नाही.' 'थोडं कमी दिसेल', 'मोठा झालास की येईल' असलं काही नाही. पट्टी सुटण्याची वाट बघणारं मूल पट्टी सुटल्यावर जे कोसळतं, ते आदल्या दिवशी रडलेल्या मुलापेक्षा कितीतरी वाईट. 'झोपवणार' हा शब्दही टाळा, रोजची झोप बिघडते. 'औषधाची वेगळी झोप, दुखणार नाही, मग जागं करतात' असं म्हणा.

कधी? पहिली-दुसरीच्या वयाला तीन-चार दिवस आधी. आदल्या रात्री सांगितलं तर प्रश्न विचारायला वेळ उरत नाही, महिनाभर आधी सांगितलं तर रोज तेच उकरत बसतं. सांगून झालं की त्यालाच म्हणायचं, 'आता खेळातल्या बाहुलीला तू समजाव.' काय चुकीचं पोचलंय ते तिथे लगेच कळतं. आणि घरातल्या सगळ्यांचे शब्द एकच हवेत. आजोबांनी सांगितलं आणि मामाने 'काही नाही रे' म्हटलं, की मूल मामावर विश्वास ठेवतं.

फॉर्मवर सही पालकाचीच. पण फॉर्म म्हणजे सांगणं नव्हे.

उपाशीपोटी

भूलतज्ज्ञांची एक पुरवणी. भूल देण्याआधी घन अन्न सहा तास बंद, आईचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास. 'रात्री बारानंतर काहीच नाही' या सरधोपट हुकुमाने दुपारच्या यादीतली पोरं कावून जातात. शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली तर पाणी देता येईल का, हे नर्सला लगेच विचारा. दिवसभर उपाशी ठेवलेल्या मुलाला कुठलंही सत्य सांगू नये.

कटपॉइंट

शस्त्रक्रियेआधी जग डोळे भरून दाखवायला आजोबा परशाला घेऊन दिवसभर दवाखान्यातून गायब होतात, त्यावर डॉ. साने चिडतात. बरेच प्रेक्षक तिथे डॉक्टरला खलनायक ठरवतात, मला ते पटत नाही. वॉर्डमधून पेशंट नाहीसा होणं म्हणजे काय ते ज्याला माहीत आहे, तो चिडणारच. चित्रपट मोठा आहे तो दोघांना बरोबर ठरवतो म्हणून. अरुण नलावडेंनी साकारलेले आजोबा त्या दिवसावर भाषण देत नाहीत, हेही बघा.

टॉर्च

@कटपॉइंट, सहमत. फक्त आज तो दिवस चोरून काढावा लागू नये, रजा मागता येते. आणि हो, आता शस्त्रक्रियेआधी बरंच करून बघतात : दर तीन-चार आठवड्यांनी केमो, साधारण सहा फेऱ्या, शिवाय लेसर, गोठवणं, डोळ्याच्या धमनीतून थेट औषध. डोळा काढतात तो दृष्टीची आशा संपलेली असते किंवा गाठ बाहेर पसरण्याचा धोका असतो तेव्हा. दोन्ही डोळ्यांत असेल तर दोष बहुधा जनुकातच असतो, म्हणून धाकट्या भावंडांची तपासणी हवीच. पुढे हाडांच्या गाठींचाही धोका राहतो, त्यामुळे फॉलो-अप जन्मभराचा.

सहा ठिपके

अंध मुलांना शिकवण्याच्या बाजूने सांगायचं तर आजोबांचा तो दिवस नुसता भावनिक नाही, फार उपयोगाचा आहे. साधारण पाच-सात वर्षांनंतर दृष्टी गेली तर पाहिलेल्याची आठवण बरीच टिकते. तेव्हा हातात दिवस असतील तर मुलाला गोष्टी दाखवा, आणि दाखवताना हाताला, नाकाला जोडून द्या. पिवळा आंबा बघ, धर, वास घे. आजीचा चेहरा बघ, त्यावर बोटं फिरव. नुसतं गाडीतून शहर फिरवण्यात यातलं फारसं साधत नाही.

घरी आल्यावर सामान हलवू नका. दारं पूर्ण उघडी नाहीतर पूर्ण बंद, अर्धवट दार कपाळाला लागतं. चालताना मुलाला ढकलू नका. त्याने तुमचं कोपर (छोट्याने मनगट) धरायचं आणि अर्धं पाऊल मागे राहायचं. काठी उभी धरल्यावर छातीच्या मध्याच्या हाडापर्यंत यावी.

ब्रेल पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचायचं, कागद उलटून डावीकडून वाचायचं. जोडाक्षरात हलन्ताचा ठिपका आधी येतो. म्हणजे 'श्वास' लिहायला पाच घरं (एका घरात सहा ठिपक्यांची जागा) : हलन्त, श, व, काना, स. पहिल्या घरात एकच ठिपका, चौथा. नवी मुलं हटकून तोच विसरतात आणि 'शवास' होतं.

आणि झोप. दोन्ही डोळे नसले की उजेडाचा इशारा मेंदूला पोचत नाही, झोपेची वेळ हळूहळू सरकत जाते. मूल रात्री दोनला खेळतं, वर्गात पेंगतं, आणि आळशी ठरतं. उठणं, जेवण, आंघोळ ठरल्या वेळी ठेवा. तरी जमलं नाही तर डॉक्टरांना सांगा.

कवडी

कृत्रिम डोळ्याबद्दल थोडक्यात. शस्त्रक्रियेत पोकळीत साधारण 18 ते 22 मिलिमीटरचा गोळा बसवतात. सहा-आठ आठवड्यांनी सूज उतरली की वरची अ‍ॅक्रिलिकची कवची माप घेऊन बनते. वर्षातून एकदा पॉलिश. मूल वाढतं तशी कवची बदलावी लागते, नाहीतर पापणी खाली येते. स्पिरिटने पुसू नका, अ‍ॅक्रिलिकला बारीक तडे जातात. साबणपाणी पुरे.

खाडीकाठ

@सहा ठिपके, एक प्रश्न. अंध मुलांबरोबर बसून हा चित्रपट बघायचा असेल तर?

सहा ठिपके

शेजारी एकाने बोलायचं, संवादांच्या फटीत, दिसतं तेवढंच. 'दुःखी दिसतोय' म्हणू नका, ते त्यांना आवाजावरून कळतं. शेवटच्या प्रसंगात आधी पाण्याचा आवाज ऐकू द्या. मग तीन तुकडे पुरतात : 'होडी आहे. परशाने काळा चष्मा घातलाय. समोर गाव.'