'रिक्वेस्ट'च्या मागे 'फॉर' लावायचा की नाही?

केळीवाला_सावदा

राम राम मंडळी. आमचं सावद्याला केळीचं छोटं पॅकहाऊस आहे. घड आला की फण्या सोडवायच्या, तुरटीच्या पाण्यातून काढायच्या, तेरा किलोचे बॉक्स भरायचे आणि कंटेनर १३-१४ डिग्रीवर लावून न्हावा शेव्याला रवाना करायचा. ते सगळं वडील आणि काका बघतात. दुबई-ओमानच्या पार्ट्यांना मेल लिहायचं खातं माझ्याकडे, कारण घरात इंग्रजी माध्यमात शिकलेला मी एकटाच.

एका पार्टीकडे बाकी राहिली आहे. तिच्यासाठी मेल लिहिला:

'वी रिक्वेस्ट फॉर द बॅलन्स पेमेंट. धिस इज अवर सेकंड रिक्वेस्ट फॉर पेमेंट.'

पाठवण्याआधी पुण्याच्या आतेबहिणीला दाखवला. तिनं पहिल्या वाक्यातला 'फॉर' उडवला, दुसऱ्यातला तसाच ठेवला. का म्हणून विचारलं तर म्हणे, "पहिलं व्हर्ब, दुसरं नाऊन, एवढंच." आणि फोन ठेवला, तिला मीटिंग होती.

शब्द तोच, स्पेलिंग तेच, उच्चारही तोच. मग 'फॉर' एकीकडे चालतो आणि दुसरीकडे नाही, याला काही हिशोब आहे का? काका म्हणतात दोन्हीकडे ठेव, पैसे मागताना शब्दांची काटकसर कशाला?

चोपड्याच्या_बाई

तुझी बहीण बरोबर आहे, फक्त घाईत आहे. मी नोकरीभर आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवलं, मला घाई नाही.

आधी मराठीत बघ. 'पैसे मागतो' म्हणतोस ना? आणि 'पैशांची मागणी'. 'पैशांची मागतो' असं सावद्यात काय, कुठंच कुणी म्हणणार नाही. क्रियापद आलं की 'पैसे' त्याला सरळ जाऊन मिळतात, मागणी हे नाम आलं की मध्ये 'ची' लागतो. इंग्रजीतला तुझा 'फॉर' म्हणजे हाच 'ची'. 'वी रिक्वेस्ट पेमेंट', पण 'अवर रिक्वेस्ट फॉर पेमेंट'. हिशोब एवढाच आहे.

मग आपल्याकडे इतके लोक 'रिक्वेस्ट फॉर' का लिहितात? कारण विनंतीला मराठीत स्वतःचं क्रियापद रोजच्या वापरात नाही. आपण विनंती 'करतो'. चर्चा करतो, मागणी करतो. हे शब्द नामच राहतात, राबायचं काम 'करणे' करतो. त्यामुळे डोक्यात 'पैशांची विनंती करतो' असं वाक्य जुळतं आणि त्यातला 'ची' न विसरता इंग्रजीत उतरतो. 'डिस्कस अबाउट' हे त्याच घरचं. 'विषयावर चर्चा करू' यातला 'वर' सोडवत नाही, म्हणून 'लेट अस डिस्कस अबाउट द रेट'. खरं तर 'डिस्कस द रेट'. 'अबाउट' हवाच असेल तर नाम घ्यावं: 'अ डिस्कशन अबाउट द रेट'. 'भर देणे'चं तेच. 'एम्फसाइज ऑन क्वालिटी' मी भाषणांतून इतक्या वेळा ऐकलंय की आता कान बंद केलेत. 'एम्फसाइज क्वालिटी', पण 'एम्फसिस ऑन क्वालिटी'.

तुमच्या धंद्यातले आणखी दोन घे. 'देअर इज डिमांड फॉर जळगाव बनाना', इथे डिमांड नाम, 'फॉर' हवा. 'द बायर डिमांड्स अ डिस्काउंट', इथे क्रियापद, 'फॉर' नको. 'वी प्लेस्ड ॲन ऑर्डर फॉर फोम शीट्स' आणि 'वी ऑर्डर्ड फोम शीट्स'. तुम्हा लोकांच्या मेलमध्ये 'ऑर्डर्ड फॉर' फारसा दिसत नाही हे नवलच, 'रिक्वेस्टेड फॉर' मात्र पावलोपावली. मला वाटतं टेंडरवाल्यांनी हा घोटाळा वाढवला आहे. 'रिक्वेस्ट फॉर कोटेशन', 'रिक्वेस्ट फॉर प्रपोजल', आरएफक्यू, आरएफपी हे सारखं डोळ्यांपुढून जातं. ती सगळी नामं आहेत, कागदाची नावं आहेत. पण माणूस 'रिक्वेस्ट फॉर' हा जोडशब्दच धरून बसतो आणि वाक्यात कुठेही बसवतो.

ओळखायचं कसं? शब्दाच्या आधी काय आहे ते बघ. 'अ', 'द', 'अवर', 'युवर', 'सेकंड', 'अर्जंट' असं काही असेल तर तो नाम. नुसता 'वी', 'आय', 'द बायर' असेल, किंवा 'हॅव', 'हॅज', 'वुड लाइक टू' असेल, तर क्रियापद. तुझ्या दुसऱ्या वाक्यात आधी 'अवर सेकंड' आहे. तिथे बहिणीनं 'फॉर' काढला असता तर मीच तिला फोन केला असता.

माणसाला विनंती करायची असेल तर 'वी रिक्वेस्ट यू टू रिलीज द बॅलन्स'. 'वी रिक्वेस्ट टू यू' नको. 'तुम्हाला'मधला 'ला' इथे लागत नाही. याहून सरकारी थाटात लिहायचं तर 'वी रिक्वेस्ट दॅट द बॅलन्स बी पेड बाय मंडे'. तिथे 'इज पेड' नाही, 'बी पेड'च.

सातपुडा_ट्रान्सपोर्ट

बाई, नमस्कार. तुमनं म्हननं बराबर शे, पन आम्हाला त्याचं काय? मी दिवसभर व्हॉट्सॲपवर 'रिक्वेस्ट फॉर रीफर ऑन मंडे', 'रिक्वेस्ट फॉर ॲडव्हान्स' असंच टाकतो. रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारा कंटेनर, येतो, ॲडव्हान्सही येतो. आखातातल्या पार्टीचं इंग्रजी आपल्यापेक्षा वेगळं नाही. त्याला भाव कळतो, माल कधी लागणार ते कळतं, बस. व्याकरणानं केळं पिकत नाही, इथिलीन लावावं लागतं.

चोपड्याच्या_बाई

ट्रान्सपोर्टवाले भाऊ, इथिलीनचं वाक्य आवडलं.

तुमचे दोन्ही मेसेज जसे आहेत तसे ठीक आहेत. त्यात 'वी' नाही, 'आय' नाही. 'रिक्वेस्ट फॉर ॲडव्हान्स' हे एखाद्या अर्जाच्या विषयासारखं झालं, नामच आहे, 'फॉर' बरोबर. त्याच्या आधी 'वी' लावलात की बिघडलं.

आणि क्रियापदामागे 'फॉर' कधीच येत नाही असं मी म्हणत नाही. 'वी रिक्वेस्ट अ रीफर फॉर मंडे' एकदम शुद्ध. तिथला 'फॉर' सोमवारसाठीचा आहे. रीफर मात्र 'रिक्वेस्ट'ला चिकटूनच उभा आहे. 'लोडिंग इज रिक्वेस्टेड फॉर मंडे' हेही बरोबर. जे मागायचं ते थेट. ज्या दिवसासाठी किंवा ज्या माणसासाठी मागायचं, त्याला 'फॉर'. म्हणून 'वी रिक्वेस्ट फॉर' एवढं वाचलं की नीट इंग्रजी वाचणारा थबकतो: कुणासाठी? कधीसाठी? पुढे 'रीफर' दिसला की त्याला कळतं, रीफरसाठी नाही, रीफरच हवाय. अर्थ लागतोच, नाही म्हणत नाही. पण बाकी वसूल करायच्या मेलमध्ये समोरच्याला थबकायला जागा कशाला द्यायची?

टंकलेखक_धुळे

बाईंनी विषय काढलाच आहे तर माझेही दोन पैसे. कोर्टाच्या आवारात टायपिंग करत आयुष्य गेलं. 'रिक्वेस्ट'चं निदान स्पेलिंग तरी एक आहे. आमच्याकडचा त्रास म्हणजे 'लायसन्स'. नाम असेल तर शेवटी सी-ई, क्रियापद असेल तर एस-ई. ही ब्रिटिश पद्धत, आपले कायदे तीच पाळतात. १९८८ चा मोटार वाहन कायदा काढून बघा. 'ड्रायव्हिंग लायसन्स'मध्ये सी आणि त्याच कायद्यात 'लायसन्सिंग ऑथॉरिटी'मध्ये एस. छपाईची चूक नाही ती. 'लायसन्सिंग' क्रियापदापासून आलं. त्याच न्यायानं स्टॅम्प व्हेंडरच्या पाटीवर 'लायसन्स्ड' एस घालून हवं. आवारातल्या पाट्या वाचत गेलात तर दोन्ही तऱ्हा सापडतील, एका पाटीवर तर पुढे एक आणि मागे दुसरी.

'प्रॅक्टिस'चंही तेच. वकील साहेबांची 'प्रॅक्टिस' सी-ई, ते 'प्रॅक्टिस करतात' तेव्हा एस-ई. 'प्रॅक्टिसिंग ॲडव्होकेट' एस. अमेरिकन लोकांनी सोपं केलं. लायसन्स दोन्हीकडे एसनं, प्रॅक्टिस दोन्हीकडे सीनं. म्हणूनच कॉम्प्युटर अमेरिकन इंग्रजीवर ठेवला असेल तर आपलं बरोबर 'लायसन्स' लाल रेघ दाखवतं. पोरं घाबरून ते बदलतात. मी सेटिंगमध्ये जाऊन भाषा इंग्लिश इंडिया करून घेतो, रेघ जाते.

'ॲडव्हाइस' मात्र दोन्ही देशांत सारखाच. नाम सीनं आणि उच्चार 'स', क्रियापद एसनं आणि उच्चार 'झ'. बँकेची पेमेंट ॲडव्हाइस येते ती सीवाली. केळीवाले भाऊ, 'प्लीज ॲडव्हाइस' लिहीत असाल तर सी काढून एस घाला.

केळीवाला_सावदा

बाई, टंकलेखक काका, धन्यवाद. काकांना 'पैसे मागतो' आणि 'पैशांची मागणी' सांगितलं, ते लगेच पटलं. आता ते म्हणतात इंग्रजी सोपं आहे, आम्हाला उगाच घाबरवून ठेवलं होतं.

पण एक अडतंय. 'वी आस्क फॉर पेमेंट' लिहितो तेव्हा 'आस्क' तर क्रियापद आहे. 'ॲप्लाय फॉर लोन'मध्ये 'ॲप्लाय' पण. तिथे 'फॉर' कसा चालतो? आणि शेवटची ओळ मी नेहमी 'अवेटिंग फॉर युवर रिप्लाय' अशी लिहितो, ती ठेवू का?

चोपड्याच्या_बाई

हा प्रश्न वर्गात आला असता तर मी त्या मुलाला पुढच्या बाकावर बसवलं असतं.

सगळ्या क्रियापदांना एक कायदा नाही. 'आस्क'ला मागायची वस्तू 'फॉर'नंच लागते. नुसतं 'आस्क पेमेंट' होत नाही, कारण 'आस्क'चं पहिलं काम विचारणं: 'आस्क अ क्वेश्चन', 'आस्क द प्राइस'. वस्तू मागायची तर 'फॉर' घालून वेगळं दाखवावं लागतं. 'ॲप्लाय'ला कर्ज थेट घेता येत नाही, थेट घेतो तो मलम किंवा रंग. 'वेट'लाही 'फॉर' लागतो. पण 'अवेट'ला नाही. म्हणून 'वेटिंग फॉर युवर रिप्लाय' किंवा 'अवेटिंग युवर रिप्लाय', दोन्हींतलं एक घे. तुझ्या ओळीत दोघांची खिचडी आहे.

'रिक्वेस्ट' आणि 'आस्क फॉर' यांचा अर्थ इतका जवळचा की एकाचा 'फॉर' दुसऱ्याला जाऊन चिकटतो, हे 'रिक्वेस्ट फॉर'चं दुसरं कारण. वर लिहायचं राहिलं. जोडी करून पाठ कर: 'द डॉक्युमेंट्स यू आस्क्ड फॉर', 'द डॉक्युमेंट्स यू रिक्वेस्टेड'. बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजावर माल चढल्याची पावती, पाठवताना दोन्हींपैकी कुठलंही चालेल.

कानावर मात्र भरवसा ठेवू नकोस. 'एक्सपोर्ट' नाम असेल तर जोर 'एक्स'वर, क्रियापद असेल तर 'पोर्ट'वर; 'रेकॉर्ड', 'परमिट', 'प्रोड्यूस' यांचंही तसंच. 'रिक्वेस्ट'ला ती सोय नाही, दोन्हीकडे जोर 'क्वेस्ट'वरच. 'डिमांड'चंही असंच. तिथे आधीचा शब्दच बघावा लागतो.

सातपुडा_ट्रान्सपोर्ट

बाई, माझा मेसेज मग असा: 'वी रिक्वेस्ट अ रीफर फॉर थर्सडे, प्री-कूल्ड टू थर्टीन डिग्रीज.' पास का?

चोपड्याच्या_बाई

पास.

केळीवाल्या, तुझा मेल आता असा जाऊ दे:

'वी रिक्वेस्ट पेमेंट ऑफ द बॅलन्स बाय मंडे. धिस इज अवर सेकंड रिक्वेस्ट. द इन्व्हॉइस इज अटॅच्ड. वी अवेट युवर रिप्लाय.'

दुसऱ्या वाक्यातून 'फॉर पेमेंट' मी मुद्दाम काढलं. आधीच्याच ओळीत पेमेंट येऊन गेलं आहे. काकांना सांग, त्यांनी हवं तर परत घालावं, व्याकरणाची हरकत नाही.