मदत हवी आहे: फायरवॉलचे लॉग स्प्लंकमध्ये दिसत नाहीत (तातडीचं)

रावपुरा_रात्रपाळी | सोमवार, १०:५२
सकाळपासून डोकं फिरलंय. फायरवॉलचे लॉग, म्हणजे तिच्यातून काय गेलं त्याच्या नोंदी, स्प्लंकमध्ये (लॉग साठवून शोधायचं सॉफ्टवेअर) येणं बंद झालंय. डॅशबोर्ड रिकामे. व्हीपीएनवर (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायचा रस्ता) कोणी सारखे चुकीचे पासवर्ड टाकले की येणारा अलर्टही गप्प. फायरवॉलची टीम म्हणते आमच्याकडून जातायत, नेटवर्कवाले म्हणतात पोर्ट उघडा आहे. गुरुवारी ऑडिटर बडोद्याला येतायत. सर्व्हिस रीस्टार्ट करून झालीय, तो सल्ला नको. कोणीतरी लवकर सांगा.

जुना_ॲडमिन | ११:०१
कुठली फायरवॉल? किती आहेत? लॉग थेट इंडेक्सरला (स्प्लंकचा साठवणारा सर्व्हर) जातात की मधे ते गोळा करून पुढे पाठवणारा सिसलॉग सर्व्हर आहे? शेवटचा लॉग किती वाजताचा? एवढं सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

मुक्त_स्रोत | ११:०८
रोज किती जीबी आत येतं त्यावर पैसे मोजायचे, वर हा त्रास. मार्च २०२४मध्ये सिस्कोनं सुमारे २८ अब्ज डॉलर मोजून स्प्लंक घेतली, ते पैसे आपल्याकडूनच वसूल होणार. वाझू बसवा, त्याच कामाचं फुकटचं टूल. मी दोन कारखान्यांत बसवलंय, लायसन्सचा खर्च शून्य.

रावपुरा_रात्रपाळी | ११:१५
गुरुवारच्या आत नवं बसवू? मधे सिसलॉग सर्व्हर आहे. पहिली पोस्ट टाकण्याआधी बघितलं तेव्हा शेवटचा लॉग पहाटे पाच-वीसचा होता. त्या वेळी कोणी काही केलेलं नाही, विचारून घेतलंय.

बडोदेकर_९१ | ११:१९
मीही बडोद्याचाच, सध्या हेल्पडेस्कवर आहे. सिक्युरिटीत यायचंय. आधी नेटवर्किंगचा कोर्स करू की थेट एसओसीचा (सुरक्षेवर पाळत ठेवणारी टीम)? तुमच्याकडे जागा आहे का?

केतकी_एसओसी | ११:२६
रावपुरा, दोन गोष्टी करा. लायसन्स-युसेजच्या लॉगमध्ये (किती डेटा आत आला त्याची नोंद) फायरवॉलच्या इंडेक्सचा, म्हणजे तिच्या लॉगच्या कप्प्याचा, आजचा आकडा बघा. तो चढत असेल तर लॉग आत येतायत, फक्त तुम्हाला दिसत नाहीत. आणि शेवटचा लॉग किती वाजताचा, ते आत्ता पुन्हा बघा.

नर्मदाकाठ | ११:३०
ऑडिटर म्हणालात म्हणून सांगतो. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार १८० दिवसांचे लॉग ठेवावे लागतात. सगळ्या मशीनची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपी (वेळ पुरवणाऱ्या) सर्व्हरशी जुळलेली हवीत. आणि सायबर हल्ल्यासारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. आधी साठवणीची जागा तपासा.

रावपुरा_रात्रपाळी | ११:३७
नर्मदाकाठ, जागा भरपूर आहे, प्रश्न तो नाही.
केतकीताई, आकडा चढतोय, रोजच्याइतकाच! आणि शेवटचा लॉग आता सहा-सातचा दाखवतोय. मघाशी पाच-वीसचा होता. म्हणजे उशिरा येतायत? रांग तुंबलीय का?

जुना_ॲडमिन | ११:४०
रांगच. सिसलॉग सर्व्हरची डिस्क बघा.

केतकी_एसओसी | ११:४४
रांग तुंबली असती तर फरक वाढत गेला असता. इथे दोन्ही वेळा बरोबर साडेपाच तास आहे, म्हणजे युटीसी, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ. फायरवॉल युटीसीत वेळ लिहितेय, ओळीत टाइमझोन नाही, आणि स्प्लंक ती वेळ भारतीय धरून वाचतोय. अकराची घटना साडेपाचच्या खात्यात जाते. अलर्ट दर पाच मिनिटांनी मागची पंधरा मिनिटं बघत असेल तर त्याला कधीच काही सापडणार नाही. आधीच्या नोकरीत जर्मनीच्या सर्व्हरवर हेच झालं होतं, उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. फरक मोजला की मशीन कुठल्या झोनमध्ये आहे ते कळतं.
फायरवॉलवर अलीकडे काय बदललं?

रावपुरा_रात्रपाळी | ११:५१
शनिवारी रात्री फर्मवेअर (फायरवॉलच्या आतलं सॉफ्टवेअर) बदललं. पण फक्त दहेज आणि हलोलच्या प्लांटमधल्या फायरवॉलचं. अलकापुरीच्या ऑफिसचे लॉग व्यवस्थित येतायत.

जुना_ॲडमिन | ११:५३
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं भाऊ!

नर्मदाकाठ | ११:५८
म्हणूनच म्हटलं, एनटीपी लावा.

केतकी_एसओसी | १२:०४
एनटीपीनं घड्याळ जुळतं, झोन नाही. एनटीपी वेळ युटीसीतच देतं, ती कुठल्या झोनमध्ये लिहायची ते मशीन ठरवते. दोन्ही फायरवॉल अगदी सेकंदापर्यंत बरोबर असतील आणि तरीही हेच होईल.

जुना_ॲडमिन | १२:१०
हे मान्य. पण मग सगळंच युटीसीत ठेवा ना. आम्ही तसंच करतो.

केतकी_एसओसी | १२:१६
प्लांटमधला माणूस फोनवर 'रात्री दोनला झालं' म्हणतो तेव्हा शिफ्टवरच्या पोरांनी वजाबाकी करत बसायचं का? युटीसी असो की भारतीय वेळ, ओळीतच झोन लिहिलेला हवा. जुन्या पद्धतीच्या सिसलॉगमध्ये झोन नसतो, वर्षही नसतं. फायरवॉलला आयएसओ पद्धतीनं, म्हणजे वर्ष आणि झोनसकट, वेळ लिहायला लावा.
तोवर स्प्लंकच्या प्रॉप्स फाइलमध्ये (लॉग कसे वाचायचे त्याची सेटिंग) त्या दोन होस्टपुरता, म्हणजे त्या दोन फायरवॉलपुरता, झोन युटीसी करा. होस्टचा नियम सोर्सटाइपच्या (लॉगच्या प्रकाराच्या) नियमावर मात करतो, त्यामुळे अलकापुरीला धक्का लागणार नाही. फाइल इंडेक्सरवर किंवा हेवी फॉरवर्डरवर ठेवा, युनिव्हर्सल फॉरवर्डर लॉग नुसते पुढे ढकलतो, त्यावर ठेवून उपयोग नाही.

मुक्त_स्रोत | १२:२०
वाझूत हा प्रकारच नाही.

जुना_ॲडमिन | १२:२३
आहे. ओळीत झोन नसेल तर कुठलंही टूल अंदाजच करतं. लॉगस्टॅश या दुसऱ्या लॉग-टूलच्या डेट फिल्टरमध्येही टाइमझोन सांगावाच लागतो.

रावपुरा_रात्रपाळी | १३:०९
आले! दोन्ही प्लांटचे लॉग आत्ताच्या वेळेला दिसतायत. पण शनिवार रात्रीपासून आजपर्यंतचे चुकलेलेच आहेत. ऑडिटरला काय दाखवू?

केतकी_एसओसी | १३:१५
इंडेक्स झालेली वेळ बदलत नाही. शोधताना त्या दोन होस्टच्या वेळेत १९,८०० सेकंद मिळवा. शेजारी इंडेक्स-टाइमचा रकाना ठेवा, म्हणजे लॉग खरा कधी आला ते ऑडिटरला दिसेल, आणि कारण लिहून द्या.
पण ऑडिटर नंतर. शनिवार रात्रीपासून तुमचा व्हीपीएनचा अलर्ट आंधळा होता. तोच शोध त्या सगळ्या काळावर हातानं चालवा, आत्ता. डोमेन कंट्रोलरवरच्या (खाती-पासवर्ड तपासणारा सर्व्हर) ४६२५ (फसलेलं लॉगिन) आणि ४६२४ (यशस्वी लॉगिन) या नोंदीही जोडून बघा.

रावपुरा_रात्रपाळी | १३:४८
हलोलच्या एका कंत्राटदाराच्या खात्यावर काल रात्री ओळीनं चुकीचे पासवर्ड, आणि मग एक यशस्वी लॉगिन. तो माणूस म्हणतो, मी काल लॅपटॉप उघडलाच नाही.

केतकी_एसओसी | १३:५१
खातं बंद करा, चालू सत्र तोडा, मशीनला हात लावू नका, पुरावा जाईल. तुमच्या सीआयएसओला (माहिती-सुरक्षा प्रमुखाला) लगेच फोन करा. नर्मदाकाठ यांनी सांगितलेले सहा तास तुमच्या लक्षात आल्यापासून मोजले जातात, म्हणजे १३:४८ धरा. आणि यापुढचं काही इथे लिहू नका.

रावपुरा_रात्रपाळी | १३:५४
खातं बंद केलं. साहेबांना फोन लावतोय.