मदत हवी आहे: ब्रेक, लोअर आर्म, बेअरिंग, टायमिंग बेल्ट – पार्ट कंपनीचेच घ्यावेत की बाहेरचे चालतील?

नमस्कार मंडळी,

आमच्या गाडीची वॉरंटी केव्हाच संपली आहे आणि आता एकदम बरीच कामं निघाली आहेत. पुढचे ब्रेक पॅड आणि डिस्क, दोन्ही लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे खालचे दांडे), पुढच्या एका चाकाचं बेअरिंग, शिवाय किलोमीटर भरत आल्यामुळे टायमिंग बेल्ट (इंजिनातल्या व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या हालचालीशी जुळवून ठेवणारा पट्टा). सर्व्हिस सेंटरने सगळं जेन्युइन घालून जो अंदाज दिलाय, त्याच्या जवळपास निम्म्यात आमचा नेहमीचा मेकॅनिक काम करून देतो म्हणतो, पण पार्ट बाहेरचे. मेकॅनिकवर पूर्ण विश्वास आहे, शंका पार्टबद्दल आहे. या गाडीतून आई-बाबा लांबचा प्रवास करतात, त्यामुळे नुसते पैसे वाचतात म्हणून हो म्हणायला मन धजत नाही.

थोडं वाचल्यावर एवढं कळलं की गाडी बनवणारी कंपनी बरेचसे पार्ट स्वतः बनवतच नाही. इंजेक्टर बॉश किंवा डेन्सोकडून, स्पार्क प्लग एनजीकेकडून, बेअरिंग एसकेएफसारख्यांकडून येतात. तेच उत्पादक आपल्या स्वतःच्या खोक्यातही माल विकतात. मग जास्तीचे पैसे फक्त खोक्यावरच्या नावाचे का? आणि तसं असेल, तर बाहेरचा पार्ट चार महिन्यांत खडखडला असे अनुभव इतक्या लोकांना का येतात?

कुठल्या कामात बाहेरचा पार्ट निर्धास्तपणे घ्यावा आणि कुठे अजिबात घेऊ नये, हे जाणकारांनी कृपया सांगावं. कारणासकट सांगितलंत तर मेकॅनिकशी नीट बोलता येईल.

पहिला प्रतिसाद

‘बाहेरचा’ या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी येतात, गोंधळ तिथेच होतो. एक, ज्याने गाडीच्या कंपनीला पार्ट पुरवला त्याचाच, त्याच्या स्वतःच्या खोक्यातला. दोन, दुसऱ्या उत्पादकाने त्याच मापाचा स्वतंत्रपणे बनवलेला. तीन, नामांकित कंपनीचं खोटं खोकं छापून विकलेला डुप्लिकेट. पहिला डोळे झाकून घ्या. दुसऱ्यात उत्तम ते टाकाऊ सगळं मिळतं. तिसरा फसवणुकीचा माल आहे आणि तो ‘जेन्युइन’ म्हणूनही गळ्यात मारला जातो, हे विसरू नका.

ब्रेकपासून सुरू करतो. बदली ब्रेक पॅडसाठी संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांमध्ये आर-९० नावाचा नियम आहे. त्यानुसार चाचणीत बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्के इकडे-तिकडे एवढ्याच मर्यादेत असावी लागते. मंजुरी मिळालेल्या पॅडच्या मागच्या पत्र्यावर गोलात इंग्रजी ‘ई’, त्याला जोडून देशाचा क्रमांक आणि ९०-आर ने सुरू होणारा आकडा असतो. हा नियम सगळ्या देशांत बंधनकारक नाही, पण शिक्का असलेला पॅड मागायला कुणाची हरकत नसते. डिस्क हा तुलनेने सोपा, ओतीव लोखंडाचा पार्ट, त्यामुळे चांगल्या उत्पादकाची बाहेरची डिस्क मी बिनधास्त घेतो. पॅड मात्र दोन्ही चाकांना एकाच वेळी आणि एकाच प्रकारचे घाला, नाहीतर ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते.

तुम्हाला ऐकू आलेले खडखडण्याचे अनुभव बहुतेक लोअर आर्मचे असणार. आर्म म्हणजे वरवर पाहता दाबलेला पत्रा किंवा ओतीव तुकडा. आयुष्य ठरतं त्यातल्या रबरी बुशवर (आर्म सांगाड्याला जोडतो तिथलं रबर) आणि बॉल जॉइंटवर (चाकाकडचा फिरता गोल सांधा). काही गाड्यांच्या मूळ बुशमध्ये आत द्रव भरलेला असतो, तो खड्ड्यांचे हादरे आणि स्टिअरिंगची थरथर शोषतो. स्वस्त आर्ममध्ये त्याच जागी साधं भरीव रबर येतं. माप जुळतं, गाडी चालते, पण आवाज आणि हादरे आत येतात आणि रबर हलकं असेल तर लवकर चिरतं. उलटही घडतं: मूळ डिझाइनमधली कमजोरी ओळखून काही उत्पादक जास्त जाड पिनचा बॉल जॉइंट देतात आणि तो मूळ पार्टपेक्षा टिकतो. म्हणून आर्मच्या बाबतीत उत्पादकाचं नाव कळल्याशिवाय होकार देऊ नका.

टायमिंग बेल्टवर चर्चाच नको. अनेक इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन उघडावं लागतं. बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली), आयडलर (बेल्टला वाट देणारी पुली) असा पूर्ण संच एकाच नामांकित उत्पादकाचा घ्या. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही आत्ताच बदला, कारण पुढे एकट्या पंपासाठी एवढीच मजुरी परत भरावी लागेल.

धागालेखक

मनापासून आभार, आर्मचं आता नीट समजलं. दोन शंका उरल्या. बेअरिंगचं काय? आणि माझ्या गाडीला मूळ पुरवठादार कोण आहे हे शोधायचं कसं?

दुसरा प्रतिसाद

मी गॅरेजमध्येच काम करतो, म्हणून सांगतो. गाडीवरचा जुना पार्ट काढला की त्यावर बऱ्याचदा पुरवठादाराचं चिन्ह किंवा नाव असतं. काही वेळा ते घासून टाकलेलं दिसतं, पण ओतीव तुकड्यावर खूण राहतेच. मेकॅनिकला जुने पार्ट फेकू नका म्हणून आधीच सांगून ठेवा. चॅसी नंबरवरून कंपनीचा पार्ट नंबर मिळवा आणि तो त्या उत्पादकाच्या कॅटलॉगशी ताडून बघा. एकाच मॉडेलमध्ये मधेच ब्रेकचं माप बदललेलं असतं, त्यामुळे नुसतं मॉडेल आणि साल सांगून पार्ट मागवू नका.

बेअरिंग नावाजलेल्या उत्पादकाचंच घ्या. हल्लीच्या अनेक बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये एबीएससाठी (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) चुंबकीय पट्टी असते. बेअरिंग उलटं बसलं तर सेन्सरला चाकाचा वेग कळत नाही आणि डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागतो. मग पार्ट खराब निघाला म्हणून बोंब होते.

लोअर आर्मचंही तसंच. बुशचे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकत असताना पक्के आवळले, तर गाडी खाली उतरताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि जेन्युइन बुशसुद्धा लवकर फाटतो. चाकांवर गाडीचं वजन आल्यावरच शेवटचा टॉर्क द्यायला (ठरलेल्या जोराने बोल्ट आवळायला) सांगा आणि त्यानंतर व्हील अलाइनमेंट करून घ्या. नवीन पॅड-डिस्क घातल्यावर सुरुवातीचे काही दिवस जोरात ब्रेक मारणं टाळा, दोन्ही एकमेकांवर नीट बसू द्या. आई-बाबांचा लांबचा प्रवास त्यानंतरच ठेवा.