मदत हवी आहे: वेर्नर म्योल्डर्स नक्की कसा माणूस होता?

दुसऱ्या महायुद्धातल्या लुफ्तवाफच्या (जर्मन हवाई दलाच्या) वेर्नर म्योल्डर्स या फायटर पायलटबद्दल वाचतोय आणि पार गोंधळ झालाय, कोणी नीट वाचलं असेल तर प्लीज सांगा. एकीकडे लिहिलंय की तो कट्टर कॅथलिक, पायलट्सची बापासारखी काळजी घ्यायचा म्हणून ते त्याला 'फाटी' म्हणजे बाबा म्हणायचे, आणि मनातून नाझींच्या विरोधात होता. दुसरीकडे हाच माणूस 1938 मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात, जर्मनीने पाठवलेल्या काँडोर लीजन या तुकडीतून जनरल फ्रँकोच्या बाजूने लढला, 1941 मध्ये 100 विमानं पाडणारा पहिला पायलट म्हणून हिटलरकडून तेव्हाचं सगळ्यात मोठं शौर्यपदक घेतलं, आणि नाझींनी त्याचा पोस्टर बॉय केला.

त्यात ते पत्र! नोव्हेंबर 1941 मध्ये तो विमान अपघातात गेला, आणि जानेवारी 1942 मध्ये त्याच्या नावाचं, धर्मावरची श्रद्धा सांगणारं पत्र जर्मनीभर फिरलं. ते ब्रिटिश प्रोपगंडावाल्यांनी बनवलेलं खोटं पत्र होतं, पण लोकांनी खरं मानलं, चर्चमध्येसुद्धा वाचलं गेलं. मग त्याच्या नाझीविरोधाच्या गोष्टींतलं किती या पत्रातून आलंय, आणि किती त्याला खरंच ओळखणाऱ्यांकडून?

2005 मध्ये जर्मन सरकारने स्पेनच्या मुद्द्यावर त्याचं नाव हवाई दलाच्या एका फायटर विंगवरून काढलं, तेव्हा बऱ्याच माजी सैनिकांनी विरोध केला. मला तो निर्णय बरोबरच वाटतो, पण माणूस म्हणून त्याला समजून घ्यायचंय. युद्धानंतर सहकाऱ्यांनी सांगितलेल्या आठवणींवर किती विश्वास ठेवायचा? त्याची स्वतःची 1941 पूर्वीची पत्रं कुठे छापलीयेत का, इंग्रजीत असली तरी चालेल.