‘लेयर केक’ : चकचकीतपणा हा चित्रपटाचा गुण की त्याची पळवाट?

पऱ्हाटी (यवतमाळ जिल्हा) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. गेल्या शनिवारी आमच्या ओसरीत भिंतीवर पांढरी चादर ताणून आणि मित्राच्या दुकानातला प्रोजेक्टर मागून आणून आम्ही सात जणांनी ‘लेयर केक’ हा २००४ सालचा ब्रिटिश चित्रपट पाहिला. लंडनच्या लोकांचे उच्चार कोणाच्याच कानाला झेपत नव्हते, म्हणून माझा मावसभाऊ खालची इंग्रजी अक्षरे वाचून सगळे संवाद वऱ्हाडीत सांगत होता, आणि खरे सांगायचे तर ते गुंड वऱ्हाडीत अधिक शोभत होते. शेवट हाताशी आला असताना वीज गेली, आणि चित्रपटाची लांबी जेवढी, जवळजवळ तेवढाच वेळ ती आली नाही. त्या अंधारात अंगणातल्या खाटांवर जो वाद झाला, तो येथे मांडतो आहे.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात कथा अशी. डॅनियल क्रेगने रंगवलेला नायक लंडनमध्ये कोकेनचा घाऊक व्यवहार करतो. शेवटपर्यंत त्याचे नाव आपल्याला कळत नाही. स्वतःला तो गुंड म्हणवून घेत नाही, व्यापारी म्हणवतो, आणि पुरेसा पैसा जमला म्हणून धंदा सोडायच्या बेतात असतो. तेवढ्यात त्याचा वरचा मालक जिमी प्राइस त्याच्यावर दोन कामे लादतो. एका बड्या माणसाची व्यसनात बुडून बेपत्ता झालेली मुलगी त्याने शोधायची, आणि ड्यूक नावाच्या एका बेताल माणसाकडे असलेल्या दहा लाख एक्स्टसी या नशेच्या गोळ्यांचा सौदा जमवायचा. त्या गोळ्या ॲमस्टरडॅममध्ये सर्बियन टोळीकडून लुबाडलेल्या असतात, त्यामुळे मारेकरीही मागे लागतो.

आमच्यातल्या तिघांचे म्हणणे असे पडले की इतके देखणे चित्रीकरण, इतके नेटके कोट आणि इतके गोड संगीत वापरून अमली पदार्थांचा धंदा दाखवणे म्हणजे त्याला हळद लावून मांडवात बसवणे होय. उरलेल्यांचे म्हणणे याच्या अगदी उलट होते. मी कुंपणावर बसलो आहे. आपल्याला काय वाटते? शेवट उघड झाला तरी हरकत नाही, वीज आल्यावर आम्ही तो पाहून घेतला.

हिशेबनीस (अकोट)

पऱ्हाटीभाऊ, मी तुमच्या दुसऱ्या गटातला.

या माणसाचा कोट मला दागिन्यासारखा वाटला नाही, हिशेबाच्या वहीला घातलेल्या कव्हरासारखा वाटला. सुरुवातीलाच तो आपल्या धंद्याचे नियम सांगतो: माणसे मोजकीच ठेवावीत, ओळखीतून आलेल्याशीच व्यवहार करावा, माल देणाऱ्याचे पैसे वेळेवर आणि पुरते चुकते करावेत, फार हाव धरू नये, आरडाओरडा करणाऱ्या हौशी गुंडांपासून चार हात लांब राहावे, आणि माल शेवटी जो वापरतो त्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नये. मी बावीस वर्षे कापसाच्या जिनिंगमध्ये वह्या लिहिल्या. खेडा खरेदीला, म्हणजे गावात येऊन कापूस विकत घ्यायला, येणारा मुरलेला व्यापारीही याच सुरात बोलतो. त्याचे बोलणे मऊ असते, चहा तोच पाजतो, काटा मात्र त्याचाच असतो, आणि क्विंटलमागे कट्टी, म्हणजे वजनातली कपात, कापताना तो कधी आवाज चढवत नाही. म्हणून मला तो नायक परका वाटलाच नाही. त्याचा सभ्यपणा ही त्याने स्वतःची घातलेली समजूत आहे, आणि पावणेदोन तासांत चित्रपट ती समजूत एकेक गुंडी काढत उतरवतो.

ते उपाहारगृहातले दृश्य आठवा. नायकाचा सहकारी मॉर्टी, जो एरवी सर्वांत शांत माणूस आहे, तो एका जुन्या ओळखीच्या माणसाला बेदम मारतो, आणि त्या वेळी ड्युरान ड्युरान या गटाचे एक हळुवार गाणे सुरू असते. हात उगारणारा नायक नव्हे, तो नुसता पाहत राहतो. आपल्या वहीत ही नोंद कोणत्या रकान्यात घालावी, हेच जणू त्याला कळत नाही. पुढे त्याला स्वतः पिस्तूल चालवावे लागते, तेव्हाही तो पडद्यावरच्या वीरासारखा दिसत नाही, घाबरलेल्या कारकुनासारखा दिसतो. दिग्दर्शक मॅथ्यू वॉन यांचा हा पहिलाच चित्रपट. त्याआधी त्यांनी गाय रिची यांचे १९९८ आणि २००० सालचे दोन गुंडपट निर्माता म्हणून केले होते. त्या दोन्हींत हाणामारीवर हसू येते. येथे ते घशातच अडकते, आणि हा फरक जाणूनबुजून केलेला आहे असे मी मानतो.

नावाबद्दलही दोन शब्द. ‘थरांचा केक’ असे भाषांतर करून काही हाती लागत नाही. मायकेल गॅम्बनने केलेला एडी टेम्पल शेवटी नायकाला जे सुनावतो त्याचा आशय असा आहे की माणूस जन्मतो, घाण गिळतो, एक थर वर चढतो, थोडी कमी घाण गिळतो, आणि चढत चढत अशा उंचीवर पोहोचतो की घाण दिसते कशी याचाच त्याला विसर पडतो. याला आपल्याकडे आयता शब्द आहे, उतरंड. माझ्या आजीच्या माजघरात पाच मडक्यांची उतरंड होती. सर्वांत वरच्या लहान मडक्यात विड्याचे सामान असे, आणि सर्वांत खालचे, ज्यावर सगळा भार, ते कोणी कधी उघडतच नसे.

रानपाखरू (वाशीम)

मला हा चित्रपट आवडला नाही आणि हे सांगायला लाजही वाटत नाही. माणसे फार आहेत, प्रत्येकाचे कोणाशी ना कोणाशी जुने वैर आहे, आणि कोण कोणाला फसवतो आहे हे कळेपर्यंत तो फसवणारा मेलेला असतो. हिशेबनीस सरांना त्यात वही दिसली, मला मात्र जत्रेतल्या फोटोवाल्याचा रंगवलेला पडदा दिसला. जे. जे. कॉनोली यांनी स्वतःच्याच कादंबरीवरून पटकथा लिहिली आहे, आणि मला वाटते की आपले एकही पात्र गाळायला त्यांचे मन धजावले नाही. क्रेग मात्र उत्तम, यात वाद नाही. पुढच्याच वर्षी जेम्स बाँडच्या भूमिकेसाठी त्याचे नाव जाहीर झाले, याचे हा चित्रपट पाहिल्यावर आश्चर्य वाटत नाही.

आर्वीकर ताई (वर्धा जिल्हा)

चर्चा कोटाभोवतीच फिरते आहे, म्हणून जरा सुरुवातीकडे वळते. चित्रपटाच्या आरंभी नायक एका झगमगीत दुकानातून फिरतो. फळ्यांवर अमली पदार्थांची सुबक वेष्टने लावलेली आहेत, आणि तो सांगतो की एक दिवस हे सगळे कायदेशीर होईल, तोवर बंदीचा फायदा घेऊन चार पैसे कमवावेत. हे ऐकून माझ्या यजमानांनी मान डोलावली, आणि मी त्यांच्याकडे रागाने पाहिले.

राग का आला ते सांगते. आमच्या जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून, आणि चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली व २०२१ मध्ये उठली. बंदीमुळे धंद्यात पैसा येतो हे सांगायला आम्हाला लंडनचा माणूस नको. आमच्या गावालगतच्या नाल्यात पोलीस दर दोन-चार महिन्यांनी दारूसाठी आंबवलेला मोहाचा सडवा ओततात, तो आंबूस वास पुढे दोन दिवस शाळेच्या वर्गांत येतो, आणि तिसऱ्या दिवशी पलीकडच्या झुडपांत पुन्हा ड्रम पुरलेले असतात. पकडला जातो तो कोण? ट्यूबमध्ये दारू भरून सायकलीवरून नेणारा, नाही तर घरी दोन पोरे उपाशी आहेत म्हणून भट्टी पेटवणारी बाई. ज्याची गाडी शेजारच्या जिल्ह्यातून पेट्या घेऊन येते त्याचे नाव, या चित्रपटातल्या नायकासारखेच, कोणी उच्चारत नाही.

म्हणून हिशेबनीस भाऊंशी मी अर्धीच सहमत आहे. उतरंड हा शब्द त्यांनी अचूक दिला. मात्र माल वापरणाऱ्याच्या वाऱ्याला उभे राहू नये हा नायकाचा नियम चित्रपटानेही पाळला आहे, हे त्यांच्या नजरेतून निसटले. दहा लाख गोळ्या या हातातून त्या हातात फिरतात, पण त्या गिळणार कोण, हे कोणी विचारत नाही. व्यसनात बुडालेली मुलगी कथेत आहे, पण ती शोधून काढायची एक वस्तू म्हणून. तिचा मित्र व्यसनापायी मेल्याचे कळते, आणि कथा पुढे सरकते. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात एमडीएमए, म्हणजे याच गोळ्यांतले द्रव्य, दहा ग्रॅमहून जास्त सापडले तरी ते व्यापारी प्रमाण धरले जाते आणि किमान दहा वर्षांची सक्तमजुरी होते. इंग्लंडातही हा पदार्थ सर्वांत घातक वर्गात मोडतो. चित्रपटात मात्र या सगळ्याचे वजन एखाद्या गठाणीएवढेच, उचलून इकडून तिकडे ठेवण्यापुरते. चकचकीतपणाला माझी हरकत नाही. उतरंडीचे तळातले मडके दिग्दर्शकाने उघडलेच नाही, याला आहे.

संत्राबाग (मोर्शी)

ताईंचा मुद्दा पटला, आणि तो पटलेल्यांनी निकोलस विंडिंग रेफ्न यांचा १९९६ सालचा डॅनिश चित्रपट ‘पुशर’ जरूर पाहावा. कोपनहेगनमधला फ्रँक हा किरकोळ विक्रेता मिलो नावाच्या बड्या माणसाकडून उधारीवर हेरॉइन उचलतो, पोलीस मागे लागताच मालासकट तळ्यात उडी मारतो, माल पाण्यात जातो आणि उधारी तशीच राहते. एकेका वाराचे नाव पडद्यावर येत राहते, आणि आठवड्याभरात त्या उधारीचा फास आवळत जातो. कॅमेरा हातात धरलेला, उजेड मळकट, कोट नाहीत. सावकाराचा माणूस अंगणात येऊन उभा राहिल्यावर घरातले आवाज कसे आपोआप खाली येतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला मिलोचे हसतमुख, आग्रहाचे बोलणे ऐकून पोटात गोळा येईल. २००५ च्या तिसऱ्या भागात हाच मिलो स्वतः व्यसनातून सुटायची धडपड करत मुलीच्या वाढदिवसाचा स्वयंपाक करतो. तळातले आणि वरचे मडके तेथे एकाच चुलीवर दिसते.

रानपाखरू, तुम्हालाही तो कळेल. माणसे मोजकी आहेत.

पऱ्हाटी

सर्वांचे आभार. कुंपणावरून मी आता ताईंच्या अंगणात उतरलो आहे, पण एक गोष्ट हिशेबनीस सरांच्या बाजूने नोंदवतो. सगळ्यांना मात देऊन, क्लबातले जेवण आटोपून, नायक आपल्या नव्या प्रेयसीबरोबर बाहेर येतो, आपले नाव कळायला तुम्हाला माझ्याइतके हुशार असावे लागेल अशी शेखी मिरवतो, आणि पायऱ्यांवर त्याला गोळी लागते. ती गोळी ना सर्बियन मारेकऱ्याची, ना एडी टेम्पलची. झाडतो सिडनी, ज्याची प्रेयसी नायकाने आपल्याकडे वळवली होती तो ड्यूकचा भाचा, ज्याला कोणी खिजगणतीतही धरले नव्हते. आमच्या चादरीवर तेथे एक सुरकुती होती, त्यामुळे नायकाच्या छातीवरचा डाग आधी वेडावाकडा दिसला आणि कोणाला काही समजले नाही. मावसभाऊ वाचायचा थांबला. वाचायला खाली अक्षरेच नव्हती.

तो सिडनी म्हणजे बेन व्हिशॉ, जो २०१२ ते २०२१ या काळातल्या बाँडपटांत याच क्रेगच्या हाती नवी नवी शस्त्रे देत होता, हे माझ्या पुतण्याने सांगितले तेव्हा सगळे खाटेवर उठून बसले. एडी टेम्पल म्हणजे हॅरी पॉटरमधला डम्बलडोर, हेही त्यानेच ओळखले होते, आणि त्याचे वय लक्षात घेऊन त्याला तेव्हाच घरात पिटाळायला हवे होते असे वहिनींचे मत पडले.

येत्या शनिवारी ‘पुशर’ लावतो. संत्राबाग भाऊ, आपल्याकडे त्याची इंग्रजी उपशीर्षके असतील तर कळवावे. डॅनिशचे वऱ्हाडी करणे मावसभावाला जमणार नाही. या वेळी बॅटरी पूर्ण भरून ठेवली आहे आणि चादरीला इस्त्री केली आहे.